आमच्या बॅटरीचा राखणदार

आमची गाडी आम्ही विकत घेतली तेव्हा ती रुग्णवाहिका होती, एवढं आधी सांगून ठेवते. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आमचे हे, म्हणजे मधुकरराव, कराडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांचे नटबोल्ट मोजले. निवृत्त झाल्यावर स्वतःचे हवेसे वाटले. मग ही भंगारात निघालेली गाडी दारात आली, तिला साय घातलेल्या चहासारखा रंग मारला गेला आणि तिच्या पोटात ओटा, पलंग, छोटा फ्रीज आणि पंखा जाऊन बसला. हे तिला मोटरहोम म्हणतात. मी गाडा म्हणते. रंग कितीही मारला तरी उन्हात तिच्या कपाळावर उलटी अक्षरं उमटतात आणि समोरचा माणूस आरशात न बघताही ती वाचतो.

फ्रीज आणि पंख्याला वीज लागते. साध्या बॅटऱ्या जड, आणि लवकर दमतात, म्हणून यांनी लिथियमच्या दोन आणल्या. दिसायला दोन मोठे डबे, पण थाट नव्या जावयाचा. जास्त भरलं की रुसतात, पार रिकाम्या केल्या की रुसतात, आणि गाडीच्या इंजिनाला थेट जोडलेलं तर मुळीच खपत नाही. मध्ये एक खास चार्जर लागतो. इंजिन चालू झालं की हा चार्जर जागा होतो आणि पळत्या गाडीतून मागच्या बॅटऱ्या भरतो. पण इंजिन चालू झालं हे त्याला कळायला हवं, त्यासाठी एक बारीक वायर असते. ती वायर यांनी रुग्णवाहिकेच्या जुन्या जंजाळातून शोधून काढली आणि जोडली. ही बारीक वायर ध्यानात ठेवा.

आणखी एक. यांना लाल वायरचं अख्खं बंडल मिळालं होतं, त्यामुळे आमच्या गाडीत अधिकची वायर लाल, उण्याची लाल, पंख्याची लाल, दिव्याची लाल. मी विचारलं, "उद्या यातली कुठली कशाची, कसं कळणार?" तर म्हणाले, "माझ्या लक्षात आहे ना!" ज्यांना लग्नाचा वाढदिवस दरवर्षी माझ्या माहेरहून फोन आल्यावर आठवतो, त्यांचं हे बोलणं.

मला या प्रकरणात काडीचा रस नव्हता. घर सोडून जायचं आणि बाहेर जाऊन घरासारखंच राहायचं, यातली गंमत मला अजून कोणी समजावून सांगितलेली नाही. शेवटी करार झाला. पहिल्या प्रवासात गाडीतली वीज पार गेली आणि यांना ती परत आणता आली नाही, तर घरी पोचताच गाडी विकायची. गिऱ्हाईक तयार होतं. आमच्या गल्लीतल्या केटरिंगवाल्याला पातेली वाहायला अशीच गाडी हवी होती, आणि तो रोज फोन करून गाडीची खुशाली विचारायचा. मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. माझं मत त्याला ठाऊक असावं.

फोंडा घाट

एप्रिलच्या भर उन्हात निघालो. कोल्हापूर मागे टाकलं, दाजीपूरचं रान लागलं आणि घाट सुरू झाला. समोरून येणारे ट्रक आम्हाला पाहून आपसूक कडेला होत होते. एकाने तर टोपी काढली. हे खूश. "बघ, रस्त्यावर आपल्याला मान आहे." मी म्हटलं, "तो मागे झोपलेल्याला आहे."

गियर, वळण, उघडी खिडकी, घरी राहिलेला दह्याचा डबा, धाकट्या नणंदेचं लग्न, अशा विषयांवर आमचं घाटभर भांडण चाललं. घरी आमच्यात भांडण नाही. हे मागच्या पडवीत, त्यांच्या खिळ्यांच्या डब्यांपाशी; मी पुढच्या खोलीत टीव्हीपाशी. जेवायला भेट होते. त्यामुळे घाट उतरेपर्यंत वर्षाचं साचलेलं बोलून झालं आणि माझा घसा बसला.

पायथ्याला टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "पेशंट खंय आसा?"

"पेशंट नाही कोणी. आम्ही दोघंच आहोत," मी म्हटलं.

त्याने आम्हाला पुन्हा नीट न्याहाळलं. "म्हणजे पेशंट तुमीच दोगा?"

मला राग आला. चहा चांगला होता म्हणून तो चहाबरोबर गिळला.

पिंगुळी

पलंगाच्या उशाशी, बरोबर माझ्या डोक्यावर, बॅटरीचं मीटर आहे. त्यात आकडा दिसतो आणि शेजारी एक बाण. वीज भरत असली तर बाण वर, खर्च होत असली तर खाली. घरून निघताना आकडा शंभर होता. कुडाळ येईपर्यंत गाडी दिवसभर पळाली, म्हणजे बॅटरी भरायला हवी होती, पण बाण सबंध वेळ खाली. आकडाही बराच उतरला होता. "मीटर अजून स्थिरावतंय," हे म्हणाले. मी म्हटलं, "स्थिरावू दे." माझी काही घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी पिंगुळीत चित्रकथीची, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची, जुनी चित्रं आणि चामड्याच्या बाहुल्या बघायला गेलो. तिथल्या बाईंनी बाहुल्या इतक्या मायेने हाताळल्या की मला मी शाळेत शिकवायचे तेव्हाची माझी पहिलीची पोरं आठवली. पडद्यामागे दिवा लावून त्या रावण दाखवणार, तेवढ्यात तिथली वीज गेली. हे उठलेच. गाडीतून लांब वायर काढून आमचा दिवा पडद्यामागे नेला, आणि भर दुपारी रावण आमच्या लिथियमवर उभा राहिला. दहाही तोंडं लख्ख दिसली. यांची छाती एवढी फुगली की अकरावं तोंड यांचं शोभलं असतं.

बाईंनी मात्र मान हलवली. "आमचो दिवो तेलाचो. तो वायच हलता, म्हणान रावण जितो दिसता. तुमच्या दिव्यात तो आधार कार्डाच्या फोटोवरी दिसता."

मला त्या बाई फार आवडल्या. मीटर आणखी उतरलं.

मालवण

सकाळी मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. आमच्याकडे गुळाचा सौदा होतो, तिथेही आवाज असतो, पण इथे ओरडा संपेपर्यंत कोणी काय घेतलं हे मला कळेना, आणि ज्यांना कळायचं त्यांना न बोलता कळत होतं. मी एका बाईकडून अख्खी सुरमई घेतली. तिने "फ्रीज आसा मा?" असं दोनदा विचारलं. हे म्हणाले, "आहे म्हणजे काय, लिथियमवर चालतो!" सुरमई आत ठेवली आणि देवबागच्या वाटेवर एका माडाच्या बागेत, मालकाला विचारून, गाडी लावली.

दुपारी मी पलंगावर पडून मीटर बघत होते. आकडा आता अशा ठिकाणी आला होता की शाळेत असता तर मी पालकांना बोलावलं असतं. यांनी इंजिन चालू केलं. बाण खालीच. मग हे पुढे बसून दिसेल ते बटण दाबायला लागले. वायपर फिरले, पुढचे दिवे लागले, आणि नंतर एक बटण असं दाबलं की आकाश फाटावं तसा भोंगा सुरू झाला.

टपावर जी पेटी शोभेची समजून यांनी रंगवली होती, ती भोंग्याची होती. दिवाही त्यातच होता. रंगाखालून लालसर डोळे मिचकावायला लागला.

यांना बटण सापडेना. दाबलेलं बटण कुठलं ते विसरले होते. त्या गोंधळात माझं लक्ष मीटरकडे गेलं आणि मी उठून बसले. बाण वर झाला होता. आकडा एकेक चढत होता. मग यांना बटण सापडलं, भोंगा थांबला, आणि बाण पुन्हा खाली.

काय झालं ते मला तिथेच कळलं. ती बारीक वायर. हे समजत होते की ती इंजिनाची आहे. ती भोंग्याच्या बटणाची होती. भोंगा वाजला तरच चार्जरला वाटायचं की गाडी चालू आहे. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पेपर यांचा होता, आणि चालू परीक्षेत उत्तर सांगणारी बाई मी कधीच नव्हते.

तोवर बागेत माणसं धावत आली. पुढे दोन बाप्ये, त्यांच्या मधे खुर्चीत एक आजोबा, मागे त्यांची सून. सुनेने विचारपूस केलीच नाही. "बरा झाला इलास! हेंचो गुडघो कालपासून सुजलो आसा. उचला रे!" आम्ही काही बोलायच्या आत आजोबा माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर, माझ्या पंख्याखाली आडवे झाले होते.

हे समजावून सांगायला लागले की ही रुग्णवाहिका नाही, हे घर आहे. सून म्हणाली, "घर आसा तर भोंगो कित्याक?" आम्ही आजोबांना मालवणात डॉक्टरकडे पोचवलं. वाटेत सून सारखी म्हणत होती, "भोंगो लावा मगे, नायतर लोकांका कसा कळतला?" पण यांनी त्या बटणावर चिकटपट्टीचे तीन थर चिकटवून टाकले होते. दवाखान्यापाशी आजोबा उतरायला तयार होईनात. "पंखो बरो आसा," म्हणाले. "माका हयच ऱ्हवांदे."

कट्टा

दुसऱ्या दिवशी कट्टा गावच्या बाजारात मी कांदे निवडत होते तेव्हा हे गाडीतून उतरले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा पाहूनच कळलं. फ्रीज गप्प, पंखा गप्प, मीटर काळं. मी घड्याळाकडे न बघता केटरिंगवाल्याच्या फोनची वाट बघू लागले. तो आलाच. "गाडी बरी आहे ना?" मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते."

"अजून परत आणता येईल," हे म्हणाले. "करारात तसं आहे." होतं तसं. मी होकार दिला.

बाजारातल्या लोकांनी मिंगेलला बोलावलं. मिंगेल तिथला इलेक्ट्रिशियन. पंख्यापासून होडीपर्यंत काहीही दुरुस्त करतो आणि नाही झालं तर तसं मोकळेपणाने सांगतो. त्याने बॅटरी चारी बाजूंनी पाहिली, वरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं.

"ह्येका पाणी खंयसून घालतत?"

"हिला पाणी लागत नाही," हे म्हणाले.

"मगे जगता कित्यार?"

मीटर लावलं. शून्य. मिंगेलने छातीवर क्रूस काढला. "गेली. मयत."

"मेली नाही! झोपलीय!" हे असे कळवळून बोलले की आजूबाजूच्या बायका थांबल्या. मग यांनी समजावलं. लिथियम बॅटरीच्या पोटात रखवालीला एक सर्किट असतं. बॅटरी फार रिकामी झाली तर तिला इजा होऊ नये म्हणून ते आतून दार लावून घेतं. बाहेरून चार्जिंगचा धक्का बसला तरच दार उघडतं.

मिंगेलने दुकानातला त्याचा चार्जर आणून लावला. तो सुरूच होईना. तो आधी बॅटरीत थोडी वीज आहे का बघतो आणि मगच आपली देतो. बॅटरी म्हणते, आधी तू दे. दोन विहिणी दारात, आधी कोण वाकणार यावर अडून उभ्या. हे म्हणाले, आपला खास चार्जर असा मानपान बघत नाही, थेट धक्का देतो, पण तो जागाच होत नाही. गाडीच्या पुढच्या बॅटरीवरून दोन वायरी आणून धक्का देता आला असता, पण मिंगेलने आत डोकावून पाहिलं आणि हात मागे घेतला. "सगळ्यो तांबड्यो? देवा माज्या! ह्यात अधिक खंयची आणि उणा खंयचा?"

हे बराच वेळ वायरींकडे बघत राहिले. "लक्षात होतं," एवढंच म्हणाले. यांचा तो चेहरा मी आमच्या लग्नात पाहिला होता, मंगळसूत्राची डबी मोटारीत विसरली तेव्हा. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, आणि त्याचाच मला राग आला.

मिंगेल म्हणाला, "वालावलाक आबांच्या खळ्यात जावा. सावळी आसा. मी उद्या सकाळी हत्यारां घेवन येतंय. वायरी एक एक करून बघूया."

वालावल

आबा हे मिंगेलच्या ओळखीचे, काजूची बाग असलेले शेतकरी, आणि गावचे मानकरी. देवाकडे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. त्यांच्या बायकोला, काकींना, मी सुरमई दिली, कारण फ्रीज बंद म्हणजे तिचं आयुष्य संपत आलं होतं. त्यांनी तिचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, केलं. माझ्या स्वयंपाकात कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान हलत नाही, आणि इथे खोबरं, कोकम आणि लाल मिरची एवढ्यावर ती सुरमई अशी काही झाली की मी गाडीतल्या बंद फ्रीजला मनातल्या मनात माफ केलं.

जेवण झाल्यावर आबांनी विचारलं, "काय जाला गाडयेक?" यांनी पुन्हा सगळं सांगितलं. पोटातलं सर्किट, रखवाली, आतून लावलेलं दार. आबा सुपारी कातरायचे थांबले.

"म्हणजे राखणदार आसा म्हणा की आत."

"हो, तसंच," हे म्हणाले, आबांना समजलं या आनंदात.

"आणि तेका इचारल्याशिवाय तुमी फ्रीज सुरू केलास?"

इथे प्रत्येक जागेला, बागेला, विहिरीला एक राखणदार असतो हे मी ऐकून होते. न दिसणारा, पण मान ठेवला नाही तर अडवणारा. आमच्याकडे म्हसोबा असतो, पण त्याला शेंदूर फासला की आम्ही मोकळे. इथे त्याच्याशी बोलावं लागतं, तेही गावासमोर. आबा म्हणाले, "रुसलो आसा तो. सकाळी गाऱ्हाना घालूया." हे हो म्हणाले. कारखान्यात ज्यांनी कागदावर सही नसताना एक वॉशर कुणाला दिला नाही, ते गृहस्थ.

तिन्हीसांजेला मी काकींबरोबर देवळासमोरच्या तळ्यावर जाऊन बसले. लक्ष्मीनारायणाच्या देवळात घंटा वाजत होती, माडांची सावली पाण्यात हलत होती. काकींनी विचारलं, "घराक कोण कोण आसा?" मी म्हटलं, "आम्ही दोघं." "मगे बोलनाऱ्याक माणूस आसा," त्या म्हणाल्या.

सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वीसेक माणसं जमली. गाडीचं मागचं दार उघडलं, पायरीवर केळीच्या पानात विडा आणि नारळ ठेवला. काकी हळदकुंकू घेऊन बॅटरीकडे निघाल्या तसा मिंगेल हत्यारं टाकून धावला. "काकी, त्या पितळेच्या तोंडार नको! शॉर्ट जातला! कुशीक लावा!" काकींनी दोन्ही बॅटऱ्यांच्या कुशीला नीट कुंकू लावलं.

आबांनी यांना जवळ बोलावलं. "काय मागूचा ता माज्या कानात सांगा."

हे वाकले आणि सांगायला लागले. सांगतच राहिले. माझ्या कानात या माणसाने आजवर इतकं काही सांगितलेलं नाही. आबा मधेच माझ्याकडे बघायचे आणि मान डोलवायचे. मग ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचा आवाज एकदम खळ्याएवढा झाला.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा, आणि ह्या बॅटरीच्या पोटातल्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी माणसं एका आवाजात म्हणाली. मिंगेल सगळ्यांत मोठ्याने.

"ह्या तुजा लेकरू घाट उतरान तुज्या पायांकडे इला आसा. वांगडा घरकारीण आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेणी वायरी जोडल्यान. सगळ्यो तांबड्यो जोडल्यान. चुकला-माकला पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या कामाक कोण वाकडा-नाकडा चिंतीत आसात, गाडी बंद पडांदे म्हणान वाट बघीत आसात, तर तेका सरळ वाटेक हाड!"

"व्हय म्हाराजा!" त्यात माझाही आवाज होता. सगळ्यांबरोबर तोंडातून निघून गेलं आणि मग कळलं की मी कुणाविरुद्ध बोलले.

मला वाटलं, संपलं. आबांनी श्वास घेतला.

"कित्याक म्हणशीत तर म्हाराजा, हेंच्या घरात चार खोल्यो आसत. माणसां दोन. एक मागल्या दारी, एक फुडल्या दारी. जेवणा सोडून गजाल नाय."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज हळू होता. बायका माझ्याकडे बघत होत्या.

"ह्या गाडयेत लपाक जागाच नाय म्हाराजा. हय ती भांडता तरी. घाटात सगळ्या वाटेर भांडली, ह्या लेकराक बरा वाटला. गाडी इकली तर हो परत खिळ्यांच्या डब्यांकडे, आणि ती टीव्हीकडे. म्हणान म्हाराजा, गाडी ऱ्हवांदे, आणि भांडाण ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

हे खाली मान घालून उभे होते, कान लाल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की काय सांगू. हे घरी सांगता येत नव्हतं? दोन दारांमधलं अंतर वीस पावलं. त्यासाठी घाट उतरायचा, नारळ आणायचा, आणि अनोळखी वीस माणसांकडून व्हय म्हणवून घ्यायचं?

मी तरातरा पुढे गेले, चालकाच्या जागेवर चढले, किल्ली फिरवली, चिकटपट्टीचे तिन्ही थर एका ओढीत उपटले आणि बटण दाबलं.

भोंगा सुरू झाला. आबांची कोंबडी माडावर गेली. कुणीतरी किंचाळलं. आणि मागे, त्या सगळ्या गदारोळात, मीटर उजळलं, बाण वर झाला, पंखा एकदा अडखळून फिरायला लागला आणि फ्रीजने घसा साफ केला.

"पावलो!" आबा ओरडले आणि त्यांनी नारळ फोडला. मिंगेलने क्रूस काढला आणि नमस्कारही केला.

हे धावत माझ्या खिडकीशी आले. "तुला कसं कळलं?"

"मालवणातच दिसलं होतं!" मला भोंग्याच्या वरताण ओरडावं लागत होतं. "तुमची ती बारीक वायर भोंग्याची आहे!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही काय विचारता कधी मला?"

"तू टीव्हीचा आवाज कमी करशील तर विचारीन ना!"

"तुम्ही पडवीतून याल तर करीन ना!"

असं बराच वेळ चाललं. भोंगा बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. खळ्यातली माणसं शांतपणे खोबऱ्याचे तुकडे वाटून खात होती, आणि आबा काकींना समाधानाने सांगत होते, "बघलंस? लगेच आयकल्यान राखणदारान. गाडी पण सुरू, भांडाण पण सुरू."

मग मिंगेल वायर बदलायला बसला. त्याने एक लाल वायर निवडली, पुष्कळ विचार करून तोडली, आणि वायपर फिरायला लागले. ती पुन्हा जोडून त्याने हत्यारं पिशवीत भरली. "ह्या कराडाकच करा," म्हणाला. पण बटण चालू ठेवल्याशिवाय बॅटरी भरणार नाही, आणि खोटा भोंगा वाजवत रस्त्याने जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शेवटी काकींनी तोड काढली. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, भिजवून टपावरच्या भोंग्याच्या तोंडात ठासून भरली आणि वर गोणपाट बांधलं. आता त्यातून, सर्दी झाली असताना हे दुपारी घोरतात, अगदी तसाच आवाज यायला लागला.

परत

निघताना काकींनी आमसुलं आणि काजू दिले. कणकवलीजवळ केटरिंगवाल्याचा फोन आला. "गाडी कशी आहे?" मी म्हटलं, "बोलते." त्याला काही कळलं नाही. "विकायची नाही," मी म्हटलं, "तुम्ही पातेल्यांसाठी टेम्पो बघा." हे समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मग म्हणाले, "धाकटीच्या लग्नाचं तू घाटात जे म्हणालीस, ते बरोबर नाही." मी पदर खोचून वळून बसले. बाण वर होता.

फोंड्याच्या त्याच टपरीवर थांबलो. टपावर सर्दी चालू होती. टपरीवाल्याने चहा ओतता ओतता वर पाहिलं, आणि आम्हाला ओळखलं.

"काय वो, पेशंट कसे आसत आता?"

"सुधारणा आहे," मी म्हटलं. "पण अजून काही दिवस गाडीतच ठेवायला सांगितलंय."